आउट्रमचं चरित्र खानदेशात बसून कसं लिहावं

चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की काळ्या मातीची सपाटी संपते आणि औट्रम घाट चढायला लागतो. ट्रकवाले, एसटीचे चालक, लग्नाला निघालेली वऱ्हाडाची गाडी, सगळ्यांच्या तोंडी हे नाव रोजचं आहे. ते कुणाचं, हे विचारलं तर बहुतेक जण ‘कुणा इंग्रज साहेबाचं’ एवढंच सांगतात. मी शाळेत इतिहास शिकवत आले. प्रकल्पाच्या दिवसांत एखादा पोरगा वही घेऊन यायचाच : “बाई, त्या इंग्रजनं नाव आपला घाटले कसं काय पडनं?” आता कॉलेजातली मुलं येतात, व्याख्यानमालेत बोलायचंय म्हणून शिक्षक येतात, दिवाळी अंकासाठी लिहिणारे येतात. जे त्यांना तोंडी सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

माणूस म्हणजे सर जेम्स आउट्रम. जन्म 29 जानेवारी 1803, इंग्लंडात डर्बीशरमध्ये. वडील बेंजामिन आउट्रम कालवे आणि रूळमार्ग बांधणारे अभियंते होते. ते 1805 मध्ये वारले आणि आईनं मुलं वाढवली. जेम्स 1819 मध्ये कंपनीच्या मुंबईच्या फौजेत दाखल झाला, 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करायला आला आणि जवळपास दहा वर्षं इथेच राहिला. पुढे महीकांठा, अफगाणिस्तान, सिंध, सातारा, बडोदा, एडन, लखनौ, इराण, पुन्हा लखनौ आणि शेवटी कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात सभासद. 11 मार्च 1863 ला फ्रान्समधल्या पो गावी मृत्यू, वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन. शिपाईगिरीतून सुरुवात करून राज्यकारभाराच्या वरच्या पायरीवर पोचलेला माणूस.

अशा माणसाचं चरित्र लिहिणं वरवर सोपं वाटतं, कारण त्याच्या बाजूच्या लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. अडचण तिथेच आहे. ते सगळं समोर ठेवून मराठीत उतरवलं की पानं भरतात, पण खानदेश त्यात सापडत नाही. म्हणून माझा एक आग्रह असतो आणि तो मी सोडत नाही : आउट्रमवर लिहायचं तर शेजारी खाज्या नाईकाला बसवा, सेंधवा घाटाचा तो राखणदार, जो 1857 मध्ये सरकारविरुद्ध उभा राहिला. दोघांनीही सरकारचा पगार घेतला आणि दोघांनीही याच सातपुड्याच्या पायथ्याला माणसं जमवली. एकाचं नाव घाटाला राहिलं, दुसऱ्याला 1860 मध्ये दगा करून मारलं. हे दोन जीव एका वहीत आले, तरच त्या काळचा खानदेश उभा राहतो.

आधी वही आखा

पहिल्याच दिवशी लेख लिहायला बसू नका. दोनशे पानी वही घ्या आणि उभे सहा रकाने पाडा : साल, वय, हुद्दा, ठिकाण, हुकूम कुणाचा, आणि त्या कामाचा खर्च कुणी सोसला. शेवटचे दोन रकाने मुलं टाळतात. ते टाळू नका, शिपाई आणि साहेब यांतला फरक त्यांच्यातच दिसतो.

भरायला लागलात की नुसत्या वयाच्या रकान्यातूनही बरंच कळतं. 1825 मध्ये धरणगावात आला तेव्हा आउट्रम 22 वर्षांचा लेफ्टनंट होता. आपल्या लेखांत मात्र तो पहिल्या ओळीपासून ‘जनरल आउट्रम’ असतो. ज्या साली जो हुद्दा, तोच लिहायचा. बावीस वर्षांच्या तरुणाच्या हाती एवढं काम का दिलं, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. त्याचं उत्तर हुकूम देणाऱ्याच्या रकान्यात मिळतं : मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नुसत्या फौजा पाठवून डोंगर शांत होत नाहीत हे सात वर्षांत सरकारला कळून चुकलं होतं. भिल्लांनाच नोकरीत घ्यावं, ही योजना एल्फिन्स्टनच्या कारभारातली. आउट्रम ती राबवणारा. श्रेय कुणाचं किती, हे वहीत नीट लिहून ठेवलंत तर पुढे लेख डळमळत नाही.

वहीबरोबर नकाशा लागतोच. आजचे जिल्हे मनातून काढून टाका. त्या वेळचा खानदेश मालेगाव-बागलाणसकट होता. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंतर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि नंदुरबार 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा निघाला. जुन्या इंग्रजी कागदांत गावांची स्पेलिंगं लिहिणाऱ्याच्या कानावर होती. चोपडं, नंदुरबार, मालेगाव, धरणगाव ही नावं चार-चार तऱ्हांनी येतात. वहीच्या शेवटच्या पानावर गाववार यादी करा आणि दिसेल ते प्रत्येक रूप तिथे टिपा. पुढे संगणकावर शोधताना ही यादी फार उपयोगी पडते.

कागद कुठे मिळतात

सुरुवात 1880 च्या खानदेश गॅझेटियरपासून करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तो बारावा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यातलं इतिहासाचं प्रकरण आणि भिल्लांवरची पानं आधी वाचा, मग धरणगाव, थाळनेर, मालेगाव, सेंधवा असं गावांवरून वाचा. त्याच साली गोल्डस्मिडनं लिहिलेलं आउट्रमचं दोन खंडांचं चरित्र निघालं. तेही इंटरनेटवर आहे. यातलं एक सरकारनं काढलेलं आणि दुसरं चाहत्यानं लिहिलेलं आहे, हे वाचताना विसरायचं नाही. कॅप्टन ग्रॅहमनं 1843 च्या सुमाराला खानदेशातल्या भिल्लांची हकीकत लिहिली. तो इथल्याच भिल्ल एजन्सीत, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीत, काम केलेला अधिकारी होता. त्यामुळे त्याच्या लिखाणात टोळ्यांची, नाईकांची, डोंगरांची नावं भरपूर येतात.

मूळ कागदांसाठी मुंबईला जावं लागतं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे राजकीय आणि न्याय खात्याचे जुने खंड मागा. ओळखपत्र, अर्ज आणि कोणत्या सालातलं काय हवं याची चिठ्ठी घरूनच तयार करून न्या. ‘आउट्रमविषयी जे असेल ते द्या’ म्हणाल तर दिवस वाया जाईल. ‘1825 ते 1835, खानदेश, भिल्ल’ असं मागा. मोडी वाचता येत असेल तर पुण्याच्या पेशवे दप्तराकडे वळा. 1818 च्या आधी भिल्लांचे हक्क काय होते, कोणत्या घाटाची राखण कुणाकडे होती, हे इंग्रजी कागदांपेक्षा मोडीत जास्त कळतं. येत नसेल तर शिका, एका उन्हाळ्यात हात बसतो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी धुळ्यातच 31 डिसेंबर 1926 ला देह ठेवला आणि त्यांनी जमवलेल्या कागदांचा मोठा ठेवा तिथे जपला आहे. खानदेशावर काम करणाऱ्यानं तिथला उंबरा ओलांडलाच पाहिजे.

1825 पासून सुरुवात करू नका

बहुतेक लेख असे सुरू होतात : खानदेशात भिल्लांनी धुमाकूळ घातला होता, तेव्हा आउट्रम आला. हे वाक्य लिहायचा मोह टाळा. धुमाकूळ आला कुठून, हे आधी सांगायला हवं.

1802 पासून सुरुवात करा. होळकर आणि शिंद्यांच्या भांडणात खानदेश तुडवला गेला. मागोमाग 1803-04 चा दुष्काळ. गावं ओस पडली. गावाची जागल करणारे, चोर माग काढून धरून देणारे, घाटाची राखण करणारे भिल्ल गावाकडून मिळणाऱ्या हक्कांवर जगत होते. गावच उठलं, तर हक्क द्यायचा कुणी? ती माणसं डोंगरात गेली. पुढे पेंढारी आले आणि भाडोत्री अरबांच्या तुकड्या किल्ल्यांत बसल्या.

मग 1818. फेब्रुवारीत इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेरवर आली. किल्ला पडल्यावर आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिलं. खुद्द इंग्लंडात त्यावर टीका झाली. मे-जूनमध्ये मालेगावचा किल्ला अरबांनी लढवला आणि जूनच्या मध्याला सोडला. थाळनेरला जा आणि तापीच्या पात्रावर ढासळलेल्या त्या बुरुजांपाशी उभे राहा. आउट्रमच्या चरित्रात थाळनेरला एक परिच्छेद द्याच. तो तिथे नव्हता, तरी द्या. तो यायच्या आधी इथल्या लोकांनी कंपनी सरकारचं कोणतं रूप पाहिलं होतं, हे वाचकाला त्यातून कळतं.

त्यानंतर पहिला कारभारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्यानं एका हातानं नाईकांना पेन्शनी देऊ केल्या आणि दुसऱ्या हातानं डोंगरातला दाणागोटा अडवून फौजा पाठवल्या. चिल नाईक फासावर गेला. हिरिया, दशरथ अशी नावं गॅझेटियरच्या पानांत येतात आणि दोन ओळींत नाहीशी होतात. ती नावं वहीत वेगळ्या पानावर उतरवा. आउट्रमच्या प्रत्येक पदोन्नतीला चरित्रात तारीख आहे. या माणसांचं गाव, वय, घरदार काहीच नाही. तुमच्या लेखात निदान नावं तरी यावीत.

धरणगावची दहा वर्षं

लेखातला सगळ्यात भरीव भाग हाच असायला हवा, त्यामुळे इथे घाई नको. 1825 मध्ये सरकारनं खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या केल्या. वायव्येची नंदुरबार-सुलतानपूर-डांगाकडची, दक्षिणेची कन्नड-चाळीसगावच्या डोंगरांतली, आणि ईशान्येला आउट्रमची पलटण, मुख्य ठाणं धरणगाव. दक्षिणेकडे ओव्हान्स नावाचा अधिकारी भिल्लांना जमीन, तगाई, बैल, बियाणं देऊन वसवत होता. म्हणजे डोंगर ‘शांत’ झाला तो एकट्या आउट्रममुळे नव्हे. गंमत पाहा, औट्रम घाट आहे तो आजच्या कन्नडच्या वाटेवर, म्हणजे ओव्हान्सच्या मुलखात. घाट आउट्रमनं बांधला असं बेधडक लिहिलेलं वाचायला मिळतं. पुराव्याचा कागद हाती असल्याशिवाय तुम्ही तसं लिहू नका. घाटाला त्याचं नाव आहे, एवढंच लिहा.

पलटण उभी कशी केली, हे क्रमानं सांगा. आधी त्यानं नियमित फौजेची छोटी तुकडी घेऊन डोंगरातल्या एका ठाण्यावर छापा घातला. हाती लागलेल्या कैद्यांतून, त्यांच्या नातलगांतून बोलणं सुरू केलं आणि त्यांच्यातूनच पहिले जवान घेतले. त्यांच्यात राहिला, शिकारीला बरोबर नेलं, त्यांच्या मेजवान्यांत बसला, म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या. पलटण मालेगावच्या छावणीत नेली, तेव्हा भिल्लांना हिणवलं जाईल अशी भीती होती. पण तिथल्या वरच्या जातीच्या शिपायांनी त्यांना मानानं वागवलं, सुपारी दिली. आउट्रमला याचा फार आनंद झाला होता. हा प्रसंग लेखात जरूर घ्या. 1825 च्या आसपास एका भिल्ल तरुणाला बरोबरीच्या नात्यानं सुपारी पुढे येणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि आउट्रमला ती लहान वाटली नाही हे त्याच्या स्वभावाबद्दल बरंच सांगून जातं.

पण तेवढ्यावर थांबू नका. या पलटणीचं काम काय होतं, हेही त्याच पानावर यायला हवं. 1830 मध्ये डांगच्या राजांवर फौज गेली, तिचा पुढारी आउट्रम होता. 1831 मध्ये यावल-सावद्याच्या भागात धरपकड झाली, तीही त्याचीच. म्हणजे डोंगरातल्या एका माणसाला गणवेश आणि पगार मिळाला तो दुसऱ्या डोंगरातल्या माणसाला धरण्यासाठी. भरती झालेल्या घरात चूल पेटली हे खरं, आणि त्याच नोकरीनं भाऊबंदकीत भिंत घातली हेही खरं. यातलं एक निवडायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही.

वाघांचं काय करायचं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. 1825 ते 1834 या काळात आउट्रम आणि त्याच्या साथीदारांनी 235 वाघ मारले. त्यांतले 191 तो स्वतः हजर असताना पडले. हा आकडा गोल्डस्मिडच्या चरित्रात शौर्याचं माप म्हणून येतो. तुम्ही तो खानदेशच्या जंगलाचं माप म्हणून वापरा. तापी-पूर्णेच्या काठानं, सातपुड्याच्या पायथ्यानं आज जिथे केळीचे बाग आहेत, तिथे एवढे वाघ पोसणारं रान होतं. आज मुक्ताईनगरकडे वढोद्याच्या जंगलात एखादा वाघ दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. शिकारीत माग काढणारा, हाकारा घालणारा आणि साहेबाच्या पुढे चालणारा भिल्ल होता. साहेब आणि पलटण यांच्यातला विश्वास कवायतीच्या मैदानापेक्षा या रानात जास्त जमला असावा असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे. तुमच्या लेखात असं काही लिहिलंत तर अनुमान म्हणूनच लिहा.

स्तुतीचं वाक्य आलं की थांबा

आउट्रमबद्दल वाचताना ‘हिंदुस्थानचा बेयार्ड’ हे बिरुद पावलोपावली येतं. बेयार्ड हा फ्रान्समधला निर्भय, निष्कलंक समजला गेलेला सरदार. आउट्रमच्या थडग्यावरही हे बिरुद कोरलेलं आहे. मुलं ते उचलून पहिल्या परिच्छेदात टाकतात.

स्तुतीच्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा : कोण म्हणालं, कधी म्हणालं, आणि त्या दिवशी त्याला त्यात काय मिळत होतं? बेयार्डची उपमा देणारा सर चार्ल्स नेपियर, सिंधमधल्या इंग्रज फौजेचा सेनापती. वेळ नोव्हेंबर 1842, सिंधमधल्या सख्खरची मेजवानी. आउट्रमला मान देण्यासाठी पेला उंचावताना तो हे बोलला. काही महिन्यांतच सिंधच्या प्रश्नावरून दोघांचं इतकं बिनसलं की पुढे वर्षानुवर्षं छापील पुस्तकांतून ते एकमेकांवर तुटून पडत राहिले. एवढं शोधून काढलं की बिरुद राहतं, पण त्याच्या मागे दोन माणसं उभी राहतात.

निंदेलाही हीच कसोटी लावा. नेपियरच्या बाजूच्यांनी आउट्रमवर लिहिलेलं वाचताना तो वाद आठवत राहा.

साहेब झाल्यावर

1835 मध्ये तो खानदेश सोडून महीकांठ्यात पोलिटिकल एजंट झाला. इथून पुढचं आयुष्य प्रसिद्ध आहे, त्यामुळे सगळं सांगायच्या भरीला पडू नका. नोव्हेंबर 1839 मध्ये बलुचिस्तानातलं कलात पडल्यावर वेष पालटून समुद्रकाठच्या सोनमियानीपर्यंत केलेला प्रवास, 1857 च्या सुरुवातीची इराणची मोहीम, सप्टेंबर 1857 मध्ये हाताखालच्या जनरल हॅवलॉककडेच सेनापतिपद राहू देऊन स्वतः स्वयंसेवकासारखं लखनौपर्यंत जाणं, या प्रत्येकाला एक-दोन ओळी पुरतात. थांबायचं ते तीन ठिकाणी : सिंध, बडोदा, अवध. या तिन्ही ठिकाणी त्याला सरकार आणि स्वतःचं मन यांच्यात निवड करावी लागली, आणि निवड दर वेळी एकसारखी नव्हती.

सिंधमध्ये 15 फेब्रुवारी 1843 ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे कंपनीच्या वकिलाच्या ठाण्यावर, हल्ला झाला. आउट्रमनं ती लढवली, मग नदीतून बाहेर पडला. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध खालसा झालं. हे अन्यायाचं झालं असं त्याचं ठाम मत होतं. लुटीतला त्याच्या वाट्याचा 3000 पौंडांचा पैसा त्यानं स्वतःसाठी ठेवला नाही, दानधर्माला दिला. वहीतल्या शेवटच्या रकान्यात, पैसा कुणाचा या प्रश्नासमोर, हे ठळक लिहून ठेवा.

बडोद्यात तो 1847 मध्ये रेसिडेंट झाला. दरबारी लाचलुचपतीचे धागे मुंबईपर्यंत पोचतात असा अहवाल त्यानं पाठवला, तो ‘खटपट’ अहवाल म्हणून गाजला. वरच्यांना तो रुचला नाही आणि आउट्रमला बडोद्यातून जावं लागलं. 1854 मध्ये लॉर्ड डलहौसीनं त्याला परत त्याच जागी बसवलं. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही हे प्रकरण आपलं वाटेल, म्हणून यावर मन लावून लिहा.

आणि मग अवध. सिंध घेणं अन्याय म्हणणारा हाच माणूस लखनौचा रेसिडेंट झाला. अवधच्या कारभाराविरुद्ध अहवाल त्यानंच दिला, आणि फेब्रुवारी 1856 मध्ये वाजिद अली शाहसमोर कराराचा कागदही त्यानंच ठेवला. नवाबानं सही केली नाही. राज्य खालसा झालंच. पुढे मार्च 1858 मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगनं अवधच्या तालुकदारांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या, जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा तो फार कडक आहे म्हणून मवाळ करायला लावणाराही आउट्रमच.

इथे विद्यार्थी गोंधळतात. “बाई, मग तो चांगला का वाईट?” मी त्यांना सांगते, तीन घटना तारखांसकट एकाखाली एक लिही आणि जोडणारं वाक्य घालू नकोस. ‘तरीही तो मनानं उदार होता’ किंवा ‘शेवटी तो साम्राज्याचाच माणूस’ असलं वाक्य मध्ये आलं की वाचणाऱ्याची विचार करायची जागा तुम्ही अडवता.

खाज्या नाईकाची पानं

आता तीच वही उलटी करून मागून सुरू करा. तेच सहा रकाने. खाज्या नाईक, सेंधवा घाटाच्या राखणीचा माणूस. आग्रा रस्त्यावरचा हा घाट खानदेश आणि इंदूर यांच्यातली मुख्य वाट. तिथून जाणाऱ्या मालाची, माणसांची सुरक्षा या घराण्याकडे होती, आधी बाप गुमान नाईक, मग तो. कंपनी सरकारचीच ही नोकरी. मग नोकरी गेली, कैद झाली, सुटका झाली, आणि 1857 आलं. त्या वर्षाच्या अखेरीला सेंधवा घाटात इंदूरकडे निघालेला सरकारी खजिना त्यानं आपल्या माणसांनिशी लुटला. भीमा नाईकाबरोबर सातपुड्यात लढा उभा केला. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीची लढाई झाली. 1860 मध्ये दगाफटक्यानं त्याचा शेवट झाला.

रकाने भरताना तुमच्या लक्षात येईल की इथे वयाचा रकाना रिकामा राहतो. हुद्द्याच्या रकान्यात सरकारी कागद ‘लुटारू’ लिहितात. तुम्ही तिथे शिक्का लिहू नका, त्या साली तो काय काम करत होता ते लिहा : घाटाचा राखणदार, कैदी, फौजेचा नायक. आउट्रमसाठी वापरलेलीच पद्धत खाज्यासाठीही वापरा. आणि आदरार्थी बोलायचं तर दोघांनाही बोला. ‘सर जेम्स आले’ आणि ‘खाज्या पळाला’ असं एकाच लेखात मी खपवून घेत नाही. मी स्वतः दोघांनाही ‘तो’ म्हणते.

दोन्ही बाजूंची पानं भरली की मधल्या पानावर त्या दोघांना जोडणारी गोष्ट सापडते. आउट्रमनं उभी केलेली खानदेश भिल्ल पलटण 1857-58 मध्ये सरकारच्याच बाजूनं राहिली आणि खाज्या नाईकाविरुद्ध वापरली गेली. पलटण उभारणारा त्या वेळी लखनौला होता, त्याच्या हाताखालच्या पहिल्या जवानांची पुढची पिढी सातपुड्यात आपल्याच रक्ताच्या माणसांसमोर उभी होती. माझ्या दृष्टीनं आउट्रमच्या चरित्राचा खरा शेवट इथे आहे, वेस्टमिन्स्टरच्या फरशीत नाही.

वस्तीत जाताना

कागद झाले की लोकांकडे जा. त्याआधी नको, नाहीतर काय विचारायचं तेच कळत नाही. धरणगाव, चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांवर जाताना ओळखीचं माणूस बरोबर घ्या. शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, गावचा पोलीस पाटील, कुणीही चालेल. उन्हाळ्यात संध्याकाळी जा, आणि भगोऱ्या-होळीचे दिवस सोडा. सणात लोकांना तुमच्याशी बोलायला सवड नसते, आणि ती मागूही नये. गेल्या गेल्या मोबाइल पुढे धरू नका. आधी बसा, पाणी प्या, आपण कोण, कुठले, हे सांगा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारा आणि नाही म्हणाले तर खिशात ठेवा.

‘आउट्रम माहितीये का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘तुमच्या घरातलं कुणी पलटणीत होतं का?’, ‘खाज्या नाईकाचं गाणं कुणाला येतं का?’, ‘या डोंगराचं जुनं नाव काय?’ असं विचारा. एका म्हाताऱ्या बाबांनी मला त्यांच्या आज्याचं सांगितलं होतं. “आमना आजा सांगे, साहेबनी चाकरी व्हती तधळ घरमा दाना व्हता, पन डोंगरमातला सोयरा उंबरावर येवाना बंद व्हई गयथात.” चाकरी होती तेव्हा घरात दाणा होता, पण डोंगरातल्या सोयऱ्यांनी उंबरा सोडला होता. हे कोणत्या सालचं, कोणत्या साहेबाचं, ते त्यांना सांगता आलं नाही. असं बोलणं लेखात ‘घरात सांगत आलेली आठवण’ म्हणून घ्या, बोलणाऱ्याच्या बोलीतच घ्या, आणि त्यावरून साल ठरवायला जाऊ नका.

लिहून झाल्यावर

व्याख्यानमालेसाठी असेल तर तासाभराची वाटणी अशी करा : निम्मा वेळ 1802 ते 1835 चा खानदेश, पाव तास सिंध-बडोदा-अवध, उरलेला खाज्या नाईक. लखनौच्या लढाईची वर्णनं लांबवली की श्रोते रंगतात, पण सेंधवा घाटासाठी वेळ उरत नाही. शाळेच्या प्रकल्पाला नकाशा एकच पुरे, त्यावर थाळनेर, मालेगाव, धरणगाव, कन्नड, सेंधवा आणि आंबापाणी एवढ्या सहा खुणा करा आणि मुलांना बोट ठेवून सांगायला लावा.

छापायला देण्याआधी सगळ्या तारखा वहीशी ताडून पाहा, आणि एका माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. जिथे वाचणारा अडखळतो, तिथे बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरलेलं असतं. ते मोडून आपल्या पद्धतीनं लिहा. ज्या वस्तीत बसून आठवणी घेतल्या, तिथल्या शाळेत एक प्रत स्वतः नेऊन द्या आणि ज्यांनी सांगितलं त्यांना त्यांचा मजकूर वाचून दाखवा. ते एखादी ओळ काढा म्हणाले, तर काढा. आणि प्रतीला रुंद समास ठेवा. वाचणाऱ्यांत कुणाला एखादं नाव, एखाद्या नाईकाचं गाव आठवलं, तर ते तिथेच पेन्सिलीनं लिहिता येतं.